शेगडीची हवा आपोआप, तरी धूर घरात: पावसाळ्यात पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

"दिवसभर शेगडी चांगली चालते बघ. संध्याकाळी सात-साडेसात झाले की धूर आत यायला लागतो. झडप आपली आपण उघडते, मिटते, परत उघडते. काच काळीकुट्ट. आणि सकाळी बघावं तर काही झालंच नाही असं."

जांबोटीच्या अलीकडे माझ्या मामांचं घर आहे, तिथून आलेला हा फोन. मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात. चोर्ल्याकडे पाऊस बघायला येणारी माणसं उतरतात. त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, अंथरूण दमट लागतं, म्हणून मधल्या सोप्यात लाकडावरची बंद लोखंडी शेगडी बसवली. ती बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्याच वर्कशॉपमध्ये बनली: ६ मि.मी. जाडीची प्लेट, आत भाजक्या विटांचं अस्तर, पुढे काचेचं दार, १५० मि.मी. व्यासाचं धुराडं आणि हवेच्या वाटेवर मोटरची झडप. धुराड्यात तापमानाचा सेन्सर, भिंतीवर छोटा कंट्रोलर. हवा किती सोडायची ते त्यानं बघायचं, माणसानं फक्त लाकूड घालायचं.

सलग तीन पावसाळे हीच तक्रार आली. पहिल्या वर्षी मी कंट्रोलरचा बोर्ड बदलला. दुसऱ्या वर्षी मोटर बदलली. दोन्ही वेळा पंधरा दिवस बरे गेले आणि मग पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्या वर्षी मी दोन रात्री तिथेच मुक्काम केला, वही घेऊन शेगडीसमोर बसलो आणि दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत गेलो: धुराड्याचं तापमान, झडप किती टक्के उघडी, लाकूड कधी घातलं, स्वयंपाकघरात काय चाललंय. दुसऱ्या रात्री अकरा वाजता वही वाचली तेव्हा लक्षात आलं की बोर्ड आणि मोटर दोन्ही पहिल्यापासून चांगलेच होते.

म्हणून हे सविस्तर लिहितोय. खानापूर, चंदगड, आजरा या पट्ट्यात आता अशा शेगड्या बऱ्याच ठिकाणी दिसतात. कुणी आयात केलेल्या घेतल्यात, कुणी स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतल्यात. तक्रार मात्र सगळीकडे एकाच वळणाची असते.

एकच आकडा, दोन दुखणी

कंट्रोलरला आग दिसत नाही. लाकूड ओलं आहे की वाळलेलं, दार नीट लागलंय की नाही, बाहेर वारा कसा आहे, यातलं काहीही त्याला कळत नाही. त्याला फक्त धुराड्यातल्या सेन्सरचा आकडा दिसतो. आकडा ठरलेल्या तापमानाच्या खाली गेला की तो झडप उघडतो, वर गेला की मिटतो. साध्या कंट्रोलरची अक्कल एवढीच.

आता तापमान कमी होण्याची कारणं दोन, आणि ती एकमेकांच्या अगदी उलट. एक म्हणजे आगीला हवा कमी पडतेय. तेव्हा झडप उघडणं बरोबर. दुसरं म्हणजे जळण्यासारखं काही उरलेलं नाही, किंवा आहे ते ओलं आहे. अशा वेळी झडप उघडली की बाहेरची थंड, दमट हवा आत घुसते, विस्तव आणखी गार करते आणि जी काही ऊब होती ती धुराड्यातून वर घेऊन जाते. आकडा आणखी पडतो. कंट्रोलर झडप आणखी उघडतो. त्यातच तो "लाकूड घाला" म्हणून पीं पीं करायला लागतो आणि घरातलं माणूस इमानदारीनं आणखी ओलं लाकूड आत टाकतं.

पुढचा भाग जास्त वाईट. अर्ध्या तासानं ते लाकूड सुकतं, एकदम पेट घेतं, आकडा भराभर चढून ४०० च्या पुढे जातो. कंट्रोलर घाबरल्यासारखा झडप पूर्ण मिटतो. आत तापलेलं लाकूड वायू सोडतच असतं, त्याला जळायला हवा नसते. तो वायू शेगडीत कोंडतो. अशा वेळी कुणी दार उघडलं की भप्पकन ज्वाळ बाहेर येते. मामींच्या भुवया एकदा थोडक्यात वाचल्या आहेत.

काही युरोपीय स्टोव्हमध्ये तापमानाबरोबर धुरातला ऑक्सिजनही मोजतात, गाडीच्या धूर सोडणाऱ्या नळीत असतो तसा लॅम्डा सेन्सर लावून. त्याचा फायदा नेमका इथे होतो. तापमान कमी आणि ऑक्सिजनही कमी, म्हणजे आग गुदमरतेय. तापमान कमी पण ऑक्सिजन भरपूर, म्हणजे जळण संपलंय किंवा ओलं आहे. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांत हा दुसरा सेन्सर नसतो, म्हणून त्याचं काम आपणच करायचं.

ते असं. तक्रार चालू असतानाच कंट्रोलर हाताने चालवायच्या मोडवर घ्या, झडप पूर्ण उघडा आणि घड्याळ लावून तीन मिनिटं थांबा. दार उघडू नका, लाकूड हलवू नका. आकडा चढायला लागला तर आगीला हवा कमी पडत होती. मग दोष झडपेत, हवेच्या वाटेत किंवा धुराड्यात शोधायचा. आकडा तिथेच राहिला किंवा आणखी घसरला तर दोष लाकडात आहे. आणि काचेतून आग ढणढण पेटलेली दिसतेय पण आकडा मात्र थंडच, तर सेन्सर खोटं बोलतोय. बोर्डाला हात लावण्याआधी ही तीन मिनिटं दिली असती तर माझी दोन वर्षं वाचली असती.

लाकूड

तीन मिनिटांच्या या परीक्षेत मामांच्या शेगडीचा आकडा पहिल्या रात्री १३० वरून ११८ वर आला.

इथे एक गोष्ट सांगतो. मामांकडे कामाला असलेले अण्णा कन्नड बोलतात. पहिल्या वर्षी त्यांनीच मला फोन करून सांगितलं होतं, "ओले सरी इल्ल." कन्नडमध्ये ओले म्हणजे चूल, चूल ठीक नाही, एवढंच ते सांगत होते. मी मराठी कानानं आधी "ओले" ऐकलं, मग अर्थ कळला आणि थेट बोर्ड घेऊन निघालो. दोन्ही भाषा एकत्र घेऊन ऐकलं असतं तर बिघाडाचं निदान त्या फोनवरच झालं असतं.

मामांचं म्हणणं, "लाकडं वाळलेलीच हायत की. मार्चला तोडून शेडात रचलीत." आणि शेड खरंच चांगली आहे, वर खानापुरी कौलं, गळत नाही. पण मार्चला तोडलेलं जांभूळ किंवा किंजळ जूनपर्यंत मधून सुकत नाही. टोकं सुकतात, चिरा पडतात, दिसायला वाळलेलं दिसतं. शिवाय जुलैत हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. अशा हवेत पूर्ण वाळवलेलं लाकूडसुद्धा पाणी शोषून, कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं. म्हणजे आधीच जेमतेम असलेलं लाकूड पावसाळ्यात जागेवरच बिघडतं, वरून थेंबही न पडता.

ओलं लाकूड जाळलं की उष्णता "वाया जाते" असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण या तक्रारीचं मूळ तिथे नाही. हिशेब करून बघा. ३ किलो लाकडात ३५ टक्के ओलावा असेल तर त्यात सुमारे १ किलो पाणी आहे. ते तापवून त्याची वाफ करायला २.६ मेगाज्यूलच्या आसपास लागतात. उरलेल्या दोन किलो कोरड्या लाकडातून ३५ मेगाज्यूल तरी मिळतात. म्हणजे तोटा फार तर आठ टक्के. एवढ्यानं शेगडी बंद पडत नाही. खरी अडचण वेळेची आहे. पाणी असेपर्यंत लाकूड आतून १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. वरची साल मात्र २०० च्या पुढे जाऊन धूर सोडायला लागते. कोरड्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग वायू होऊन जळतो, कोळसा उरतो तो बाकीचा. तो वायू नीट जळायला आत ६०० अंशांच्या आसपास तापमान लागतं. ज्या वेळी वायू सुटतोय नेमक्या त्याच वेळी आग गार आहे, म्हणून तो न जळता वर जातो आणि डांबर होऊन काचेवर, झडपेवर, धुराड्यात बसतो. पुढच्या सगळ्या बिघाडांचा उगम इथे आहे.

ओलावा मोजायला मशीन नसेल तरी चालतं. ओंडक्याच्या मधून एक चकती कापा, टोकाची नको. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, किंवा शेगडीच्या माथ्यावर जाळी ठेवून, वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा. मामांच्या लाकडाची चकती ५०० ग्रॅमची ३६० ग्रॅम झाली. १४० ग्रॅम पाणी, म्हणजे २८ टक्के. शेगडीसाठी २० च्या खाली हवं. बाजारात दोन पिनांचं ओलावा मोजायचं यंत्र मिळतं, तेही चांगलं, पण एक लक्षात ठेवा: ते बहुधा कोरड्या वजनाशी प्रमाण दाखवतं. आमच्या चकतीला त्यानं ३९ दाखवलं असतं. एकूण वजनाच्या हिशेबातले २० टक्के म्हणजे त्या यंत्रावरचे २५. आणि पिना ओंडका फोडून ताज्या फोडलेल्या बाजूला टोचायच्या, सालीवर किंवा टोकावर नाही.

उपाय जुनाच आहे. लाकूड दिवाळीनंतर तोडून, लगेच मनगटाएवढं बारीक फोडून, जमिनीपासून वीतभर वर रचायचं, म्हणजे त्याला सगळा उन्हाळा मिळतो. पावसाळ्यात पुढच्या दोन दिवसांचं जळण शेगडीच्याच खोलीत, तिच्यापासून हातभर लांब. आमच्या आजीच्या वेळी चुलीवरच्या माळ्यावर सरपण असायचं ते याचसाठी. मामा आता तसंच करतात, आणि मोठे ओंडके एकदम न घालता दोन-दोन ढलप्या घालतात.

सेन्सर

लाकूड बदललं. दुसऱ्या रात्री पहिले दोन तास शेगडी छान चालली. तरी आग लालभडक असताना आकडा १६० च्या वर जाईना. मग सेन्सर बाहेर काढला. त्यावर बोटभर जाड काजळीची टोपी बसली होती.

बहुतेक शेगड्यांत के प्रकारचं थर्मोकपल असतं. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट एवढा विजेचा दाब तयार होतो, तो मोजून तापमान कळतं. इतका बारीक संकेत असल्यामुळे लहान चूकही मोठी दिसते. काजळी उष्णतेला अडवते. तिच्यामुळे आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी तर दिसतोच, पण त्याहून त्रासदायक म्हणजे तो उशिरा बदलतो. आग पेटून दोन मिनिटं झाली तरी कंट्रोलरला ती विझलेलीच वाटते. झडप उघड-मीट करत राहण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

पावसाळ्यात महिन्यातून एकदा सेन्सर काढून तारेच्या ब्रशनं घासा. परत बसवताना टोक धुराड्याच्या मधोमध यायला हवं, १५० मि.मी.च्या नळीत साधारण ७५ मि.मी. आत. टोक नळीच्या पत्र्याला टेकलं तर धुराचं नाही, पत्र्याचं तापमान दिसतं.

जोडणी एकदा तपासाच. आपल्याकडे लाल वायर म्हणजे प्लस हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की थर्मोकपलमध्येही कारागीर तसंच जोडतात. अमेरिकन रंगपद्धतीत के प्रकाराची लाल वायर ऋण असते, पिवळी धन. इतर देशांचे रंग वेगळे. त्यामुळे रंगावर विसंबू नका. टोक गरम पाण्यात धरा. आकडा चढला तर बरोबर, उतरला तर तारा उलट्या आहेत. त्याच वेळी उकळत्या पाण्याची परीक्षाही घ्या, फक्त १०० ची वाट बघू नका. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. एकानं मला "सेन्सर अडीच अंश कमी दाखवतो" म्हणून तो बदलायला सांगितला होता. सेन्सर अगदी बरोबर होता.

तार अपुरी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली असेल तर ती काढा. तो जोड शेगडीजवळ ५० अंशांवर असेल आणि कंट्रोलर भिंतीवर २५ वर, तर आकडा सरळ २५ नी कमी येतो. शेगडी तापेल तसा जोडही तापतो, म्हणजे चूक संध्याकाळी वाढत जाते. "दिवसा ठीक, रात्री बिघाड" याचं हेही एक कारण असू शकतं. के प्रकाराचीच जोडतार मिळते, तीच वापरा.

धुराडं, आणि स्वयंपाकघरातला पंखा

सेन्सर स्वच्छ झाला, तीन मिनिटांची परीक्षा पुन्हा घेतली, आणि आता आकडा चढला. पण अगदी हळू. म्हणजे झडप उघडी असूनही हवा आत ओढली जात नव्हती.

हवा ओढतं ते धुराडं. झडप फक्त वाट देते. आतला धूर गरम, म्हणून हलका, तो वर जातो आणि त्याच्या जागी खालून हवा येते. ही ओढ धुराड्याच्या उंचीवर आणि आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकावर ठरते. मामांचं धुराडं ४ मीटरचं होतं. बाहेर २४ अंश आणि नळीत सरासरी २०० अंश असताना आपल्या उंचीवर त्याची ओढ सुमारे १६ पास्कल (पास्कल हे दाबाचं माप) येते. अशा शेगड्यांना साधारण १२ पास्कल लागतात, म्हणजे पाण्याच्या स्तंभात सव्वा मि.मी.सुद्धा नाही. पण आग मंदावून नळी ८० अंशांवर आली की ओढ ७ पास्कलवर येते. कंट्रोलर झडप कितीही उघडो, ओढच नसेल तर हवा येणार कुठून? त्यात शेवटचा दीड मीटर पत्र्याची उघडी नळी पावसात भिजत होती, म्हणजे सतत थंड होत होती.

आम्ही धुराडं दोन मीटरनी वाढवलं, बाहेरच्या भागावर उष्णता धरून ठेवणारं रॉकवूल गुंडाळून वरून जीआय पत्र्याचं आवरण घातलं. टोक आता छपराच्या कण्याच्याही वर आहे. टोपी काढली तेव्हा दिसलं की पाखरं शिरू नयेत म्हणून लावलेली जाळी डांबरानं जवळजवळ बुजली होती. ही जाळी फार जणांच्या लक्षात येत नाही, कारण ती खालून दिसत नाही. टोपी आणि नळीचं तोंड यांत १५० मि.मी.च्या नळीला निदान ७५ मि.मी. मोकळी जागा ठेवा. पाऊस आत येईल या भीतीनं टोपी खाली दाबली की धूर अडतो. आणि नळ्यांचे जोड बघा: वरच्या नळीचं तोंड खालच्या नळीच्या आत गेलेलं हवं, म्हणजे ओघळलेलं डांबर आतूनच शेगडीत पडतं. उलट जोडलं असेल तर भिंतीवर काळे ओघळ येतात. ते डांबर साठू देऊ नका. नळीतला धूर १२० अंशांच्या खाली राहिला की ते जमायला लागतं, आणि एखाद्या दिवशी आतच पेट घेतं. तो आवाज विमानासारखा असतो, मी एकदा ऐकलाय.

तरीही साडेसातला धूर का, हा प्रश्न उरलाच होता. सहा वाजता का नाही? उत्तर वहीच्या शेवटच्या रकान्यात होतं. साडेसातला पाहुण्यांचं जेवण सुरू व्हायचं आणि मामी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावायच्या. सोप्याला नव्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवलेल्या, पावसामुळे सगळ्या घट्ट बंद. तासाला २ किलो लाकूड जाळायला शेगडीला साधारण २० घनमीटर हवा लागते. स्वयंपाकघरातला मोठा पंखा तेवढी हवा एक-दोन मिनिटांत बाहेर टाकतो. त्याला कुठून तरी हवा हवीच, मग ती तो धुराड्यातून उलटी ओढून घेतो. ७ पास्कलची ओढ त्याच्यापुढे टिकत नाही.

पंखा बंद केला. मिनिटभरात ज्वाळ सरळ उभी राहिली. मामी दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "एवढंच होतं होय?" एवढंच नव्हतं, वाळलेलं लाकूड आणि स्वच्छ सेन्सर असते तर पंखा लावूनही शेगडी कदाचित तग धरून राहिली असती. पण तिन्ही गोष्टी एका वेळी जुळत होत्या त्या फक्त पावसाळ्यातच.

कायमचा उपाय म्हणून बाहेरच्या भिंतीतून १०० मि.मी.चा पाइप थेट शेगडीच्या झडपेपर्यंत आणला. शेगडी आता खोलीतली हवा घेतच नाही. ते जमत नसेल तर पंखा चालू असताना स्वयंपाकघराचीच खिडकी चार बोटं उघडी ठेवा. तुमच्याकडे हेच होतंय का ते बघायला उदबत्ती पुरते: पंखा लावून ती शेगडीच्या हवेच्या तोंडाशी धरा. धूर आत जायला हवा. बाहेर ढकलला जात असेल तर समजून जा.

झडप, दोरी, वीज

हे भरभर सांगतो. झडपेच्या दांड्यावर डांबर बसलं की ती अर्ध्यावर अडकते आणि कंट्रोलरला मात्र ती उघडल्यासारखीच वाटते. शेगडी गार असताना हातानं फिरवून बघा. तेल घालू नका, ते जळून आणखी चिकट होतं. ग्रॅफाइटची पूड चालते. दाराभोवतीची फट बुजवणारी दोरी चपटी झाली असेल तर बदला. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर तिथून कंट्रोलरला न कळणारी हवा आत जातेय.

वीज गेली की मोटर जिथे असेल तिथे थांबते. झडप मिटलेली असताना गेली तर लाकूड रात्रभर धुमसत राहतं. छोटी १२ व्होल्टची बॅटरी लावा, किंवा स्प्रिंगनं परत अर्धी उघडणारी मोटर घ्या. स्टेपर मोटर (ठरावीक पावलं मोजत फिरणारी) असेल तर वीज आल्यावर ती आधी पूर्ण मिटून टक्क असा आवाज यायला हवा; तिथून ती मोजणी सुरू करते. तो आवाज येत नसेल तर पडद्यावर ४० टक्के आणि प्रत्यक्षात १० असं काहीही असू शकतं.

वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी मी हल्ली इलेक्ट्रॉनिक्सच टाळायला सांगतो. द्विधातू पट्टीची झडप मिळते किंवा करून घेता येते. दोन धातू एकावर एक जोडलेले, तापले की कमी-जास्त प्रसरण पावून पट्टी वाकते आणि झडप मिटवते. आपल्या इस्त्रीतला थर्मोस्टॅट हाच. डेन्मार्कच्या ह्वाम कंपनीच्या स्टोव्हमध्ये ही पद्धत बरीच वर्षं वापरात आहे. आणि हवा मुळातच नीट बेतली तर हलणारा भागही लागत नाही, हे कर्नाटकात आधीच करून दाखवलंय: बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 'अस्त्र' या गटानं १९८० च्या दशकात जी 'अस्त्र ओले' खेड्यांत नेली, तिच्यात जाळी, हवेची ठरावीक भोकं आणि धुराडं एवढ्यावरच काम भागलं.

कंट्रोलरचे आकडे

सगळ्यात शेवटी सेटिंग, आणि शेवटीच. आधीचं काही बिघडलेलं असताना आकडे बदलले तर दोष फक्त लपतो.

पहिलं, झडप कधीही पूर्ण मिटता कामा नये. ती कमीत कमी १५ टक्के उघडी ठेवा, आणि कंट्रोलरवर भरवसा न ठेवता झडपेलाच एक बोल्ट लावून ती तिथे अडवा. मामींच्या अंगावर आलेला भपका या एका बोल्टानं थांबला. दुसरं, हवा बदलल्यावर आकडा हलायला किती वेळ लागतो ते मोजा. मामांकडे स्वच्छ सेन्सरला ५० सेकंद लागले. झडपेच्या दोन बदलांत त्याहून जास्त अंतर हवं. आम्ही ९० सेकंद ठेवलं, एका वेळी ५ टक्के. आधी ते १० सेकंद होतं, म्हणजे एका बदलाचं फळ दिसायच्या आत कंट्रोलर आणखी पाच बदल करून मोकळा होत होता. तिसरं, ध्येय २२० अंश आणि वर-खाली १५ ची सूट. त्या पट्ट्यात झडप हलूच नये. चौथं, झडप पूर्ण उघडूनही पाच मिनिटांत आकडा चढला नाही तर झडप ३० टक्क्यांवर आणून नुसता दिवा लावायचा, पीं पीं नाही. ही ओळ मी प्रोग्रॅममध्ये त्याच रात्री घातली. तीन मिनिटांची परीक्षा आता कंट्रोलर स्वतःच घेतो.

आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. धुराचा नव्हे, कार्बन मोनॉक्साइडचा. तो वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि धुमसणारी शेगडी तोच सोडते. घरात दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा, मग दवाखाना, मग शेगडी. पाहुणे झोपतात त्या घरात तर यात चालढकल नको.

मामांची शेगडी गेल्या पावसाळ्यात बहुतेक दिवस बिनतक्रार चालली. पश्चिमेकडून जोराचा झोत आला की अजून कधीकधी धूर मागे येतो; घरामागचा फणस धुराड्यापेक्षा उंच आहे आणि वारा त्याच्यावरून खाली आपटतो. फणस तोडायचा नाही असं मामांनी सांगितलंय. त्याऐवजी धुराड्यावर एच आकाराची टोपी बसवून बघायची आहे. वर्कशॉपमध्ये ती कापून ठेवलीय, पाऊस ओसरला की दसऱ्याच्या आत चढवतो.